उशिरा बोलणारा वाल्व

घाट उतरायच्या आधी चहाच्या टपरीपाशी ट्रक थांबतात. त्या दुपारी तिथं सळयांनी भरलेला एक ट्रक उभा होता. ड्रायव्हर केबिनमधून ब्रेक दाबत होता, सोडत होता आणि त्याचा जोडीदार मागच्या चाकाशी उकिडवा बसून कान देत होता. पाय उचलला की मागून 'फुस्स' आवाज यायचा आणि जोडीदार ओरडायचा, "बोलला!"

मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "साहेब, पायाखालची हवा नुसता निरोप आणते. चाकं धरणारी हवा इथंच मागच्या टाकीत असते. निरोप आला की हा रिले वाल्व ती चाकांकडे सोडतो, पाय उचलला की फुस्सकन बाहेर टाकतो."

म्हणजे थांबायचं ठरवणार एक आणि थांबवणार दुसराच. मला चहा कडू लागला. 'आता पुरे' असं मीही कितीदा मनाशी ठरवलंय, आणि तो निरोप आत कुठं पोचलाच नाही. वेग मात्र तसाच राहिला.

ड्रायव्हरनं पुन्हा ब्रेक दाबून सोडला. काहीच आवाज आला नाही. मी कप खाली ठेवला, तेव्हा कुठं 'फुस्स' ऐकू आलं.

"उशिरा बोलतोय रे," जोडीदार म्हणाला.

"बोलतोय ना? मग चढ वर."

मी घाईघाईनं त्यांच्या आधी गाडी काढली. दुसऱ्या वळणावर आरशात तो ट्रक दिसला, मग मोठा होत गेला. मी काच खाली करून कान दिला. वाल्व अजून बोलला नव्हता.