रिमोटचे सेल संपले आणि लेकीचा फोन आला

मंडळी, आज सुट्टी होती, पण जिवाला चैन नव्हतं. पुण्यात शिकणारी आमची लेक चार दिवस फोन उचलत नव्हती. मेसेजला उत्तर म्हणून नुसता अंगठा.

मन रमवायला टीव्ही लावला, तर रिमोटचे सेल संपलेले. मग टीव्हीला जोडलेला लेकीचा गेमचा कंट्रोलर घेतला. त्याच्या मधल्या टचपॅडवर बोट फिरवलं की टीव्हीवरचा बाण पळतो. बाण कसला, उंदीरच! मसाट गावातल्या कंपनीत मी दिवसभर मोठमोठी मशिनं चालवतो, पण हे काही हाताला येईना. बातम्या शोधताना बोट घसरलं आणि मालिकांच्या ॲपवर लेकीच्या प्रोफाइलमधली अर्धी राहिलेली मालिका सुरू झाली. थांबवायला गेलो, तर आणखी पुढे पळाली.

बायको वैतागली, "अहो, ठेवा ते खाली!"

तेवढ्यात फोन वाजला.

"पप्पा, माझ्या प्रोफाइलमध्ये कोण घुसलंय? एका वेळी एकाच ठिकाणी चालतं ना ते! मी इथे बघत होते, मधेच बंद पडलं!"

चार दिवसांचा राग काढायचा होता. तोंडातून निघालं, "जेवलीस का?"

मग अर्धा तास बोललो.

आता बायकोने नवे सेल आणून टेबलावर ठेवलेत. खरं सांगा, टाकू की नको?