जीपच्या मानेवरचं ओझं

आमची जीप घरी आली ती दोन हजार सालानंतर, आणि आली तेव्हाच म्हातारी होती. मी पंचेचाळिशीची होते आणि गावात माझ्याइतकं शहाणं कोणी नाही, अशी माझी खात्री होती. माझ्यातल्या त्या शहाण्या बाईला तेव्हाच कोणीतरी हसायला हवं होतं.

चोरखमाऱ्याच्या तलावाच्या कालव्याखाली आमची धानाची शेती. मिलपर्यंत न्यायला वेळेवर ट्रॅक्टर मिळत नसे, म्हणून नवऱ्यानं जीपलाच ट्रॉली जोडायचं ठरवलं. फुलचूरच्या मिस्त्रीनं आठवडाभर काम केलं. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एकेक जादा पाटा घातला, चेसिसला जाड अँगल लावून त्यावर हूक बसवला, साखळी दिली, ट्रॉलीच्या लाल दिव्याची वायर ओढली. मग आम्हा दोघांना उभं करून सांगितलं, की पोती पुढच्या बाजूला जरा जास्त ठेवा. भरल्यावर ट्रॉलीची दांडी उचलून पाहा. एकट्या माणसाला ती जड गेली तरच निघा.

मला हसू आलं. माझ्या बाबांची बैलबंडी होती. वजन पुढं आलं की जू बैलाच्या मानेवर दाबतं, म्हणून बाबा पोती मागं सरकवायचे. मी हे परकर नेसत होते तेव्हापासून पाहिलेलं. या लोखंड ठोकणाऱ्याला काय कळणार?

पहिल्याच खेपेला नवरा दोर आणायला शेजारच्या शेतात गेले. तेवढ्यात मी मजूर बायांकडून चार पोती मागं सरकवून घेतली. दांडी एका हातानं उचलली गेली. म्हातारीची मान मोकळी केली म्हणून मलाच माझं कौतुक. हुकात अडकवलीही मीच, आणि नवऱ्याशेजारी ऐटीत जाऊन बसले.

चढावर काही झालं नाही. उतार लागला तशी ट्रॉली डावी-उजवी झोलायला लागली. त्यांनी ब्रेक मारला, तर ती अजूनच झोलली. तिनं जीपला आडवं ढकललं आणि स्वतः कालव्यात पालथी झाली. स्टिअरिंगमध्ये अडकून त्यांचं डावं मनगट मोडलं. मला साधं खरचटलंही नाही.

काठावर हात धरून बसल्या बसल्या ते म्हणाले, मिस्त्रीनं फसवलं. मी गप्प. दवाखान्यातही गप्प. गावात येईल-जाईल त्याला ते हेच सांगत राहिले, आणि गावातल्या दोघांनी त्या मिस्त्रीकडे दिलेलं काम परत घेतलं. मी त्यांना कालवून देत होते, पाठ चोळून देत होते. एवढी सेवा केली की फिटेल, असा माझा हिशेब. केवढी ती अक्कल!

हात प्लास्टरमध्ये असतानाच ते मिस्त्रीला जाब विचारायला निघाले. शेजाऱ्यानं जीप आदल्या दिवशी फुलचूरला पोचवली होती. आम्ही बसनं गेलो. मिस्त्रीनं जयभीम केला, यांनी घेतला नाही. तो जीपखाली शिरला, ठोकून पाहिलं, बाहेर आला.

"हूक तर जागेवर हाय. वजन कसं भरलं होतं?"

"तू सांगतलं तसंच," नवरा म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

 तसं असेल तर चूक माझीच, मिस्त्री म्हणाला. हे काम यापुढं करणार नाही, आणि हा हूकही गाडीला ठेवणार नाही. हूक कापायला त्यानं गॅस कटर पेटवला.

"भाऊ, थांबा," मी म्हणाले. "पोते मी मागं सरकवले."

नवऱ्यानं विचारलं, "काऊन?"

"जीपच्या मानेवर वजन पडून राहिलं होतं म्हणून."

मिस्त्रीनं गॅस बंद केला. तो हसला असता तर मी सुटले असते. "मंग इतके दिवस कायले चूप राहिल्या, वहिनी?" एवढंच त्यानं विचारलं.  

परतताना त्यांनी एका हातानं जीप चालवली. गिअर टाकायचं काम माझं. फुलचूरपासून गावापर्यंत ते माझ्याशी बोलले ते एवढंच: दुसरा. तिसरा. रेल्वे फाटकाशी, पहिला.