वाढ्यांची सावली

पोर गेल्यावर संगीताला शहाणपण शिकवायला अख्खं चकलांबा गाव लोटलं होतं. कुणी म्हणालं, देवाला आवडलं. कुणी म्हणालं, वय आहे अजून, दुसरं होईल. जणू फुटलेला माठच होता तो, बाजारातून नवा आणला की झालं! संगीता कुणाच्या तोंडाकडे बघायची नाही. देव्हाऱ्यातले टाक तिनं फडक्यात बांधून ट्रंकेच्या तळाशी घातले आणि कडी लावली.

झालं होतं ते असं. मागच्या हंगामात ती आणि नवरा भागवत ऊस तोडायला गेले होते. पाऊल टाकायला लागलेला युवराज सोबत होता. फडात सावलीला झाड नव्हतं. मग तोडणीवरच्या बायका करतात तेच तिनं केलं. पोराला कडेला निजवलं आणि उसाचे हिरवे शेंडे, म्हणजे वाढे, त्याच्यावर आडवेतिडवे रचले. गार सावली पडली, पोर झोपलं. ती कोयता घेऊन पुढं गेली. तेवढ्यात ट्रॉली भरायला ट्रॅक्टर मागं घ्यायचा होता. ड्रायव्हरला मागचं दिसत नाही, म्हणून गड्यांपैकी एक जण मागं उभा राहून "येऊ दे, येऊ दे" असं ओरडतो. त्या दिवशी भागवत ओरडत होता.

गावी आल्यापासून दोघं त्याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. भांडले असते तरी बरं होतं, भांडून माणूस मोकळा तरी होतो. ती उंबऱ्यावर त्याचं ताट ठेवून आत वळायची. तो ते गोठ्यात नेऊन खायचा आणि तिथंच निजायचा.

संगीता पाण्याला गेली की विहिरीत वाकून बघत राहायची. भीती वाटायची नाही, आणि हेच वाईट होतं. एकदा मंगलताईंनी तिला तसं बघितलं. मंगलताई दवाखान्यातल्या नर्स, धर्मानं ख्रिस्ती. त्यांचा स्वतःचा तरणा लेक गेलेला. त्यांनी उपदेश केला नाही. दंडाला धरून तिला घरी आणलं आणि पिशवीतून एक कादंबरी काढून दिली.

"ही वाच. एका आईची गोष्ट हाय. बरी होशील आसं मी म्हनत न्हाई. पर पुस्तक संपेस्तवर विहिरीवर एकटी जायचं न्हाई. तेवढं वचन दे."

संगीता सातवी शिकलेली. मनात वाचायची सवय कधी लागलीच नाही, ओळीखाली बोट ठेवून ती मोठ्यानं वाचायची. रोज दुपारी गोठ्याकडच्या भिंतीला टेकून बसायची. गोष्टीतल्या बाईची मुलगी ट्रकखाली गेली होती. ती बाई प्रार्थना सोडते आणि येशूलाच जाब विचारते. ते संगीताला लई आवडलं. हिला निदान भांडता तरी येतंय! पुढं त्या बाईचं मन हळूहळू वितळतं, आणि एके सकाळी ती त्या ट्रक ड्रायव्हरला माफ करायला त्याच्या दाराशी जाते. तिथं संगीतानं पुस्तक मिटलं. हिचं काय जातंय? हिचा ड्रायव्हर परगावचा. रोज उंबऱ्यावरचं ताट उचलून नेणारा नव्हे. दोनच पानं राहिली होती, पण तिनं पुस्तक फळीवर टाकलं ते पुन्हा उघडलं नाही.

पुस्तक बंद झाल्यावर बऱ्याच दिवसांनी, दिवस कलताना, भागवत दारात येऊन उभा राहिला. ताट तसंच होतं.

"पुढं काय झालं?"

"कशाचं?"

"त्या बाईचं. डायवरच्या दारात गेलती ना ती? त्यानं दार उघडलं का?"

गोठ्याचा कूड नुसता तुराट्यांचा, घरातला शब्द न् शब्द पलीकडे ऐकू जायचा. रोज दुपारी हा रानातलं काम टाकून त्याच्या आड बसत होता, हे तिला आत्ता कळलं.

"मला न्हाई म्हाईत. त्या बाईनं लेकराला झाकून ठिवलं नव्हतं. मी ठिवलं. मी झाकलं म्हनून तुमाला दिसलं न्हाई."

भागवत दाराशीच खाली बसला.

"वाढं हाललं व्हतं," तो म्हणाला.

"काय?"

"मी बगितलं. वाढं हाललं. वारं हाय, वाटलं मला. म्हनलो, येऊ दे."

म्हणजे युवराज जागा झाला होता. इवल्या हातांनी सावली बाजूला सारत होता. संगीताला वाटलं, ह्याचं तोंड नखांनी ओरबाडावं. आणि त्याच क्षणी वाटलं, हे एकट्यानं पोटात घेऊन हा इतके दिवस जगला कसा?

"देवा," तिच्या तोंडून निघालं. ट्रंकेतल्या देवाला की पुस्तकातल्या येशूला, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. पोर गेल्यापासून तो शब्द तिनं तोंडात घेतला नव्हता.

भागवत उठला. गोठ्याकडे वळला नाही. विहिरीच्या वाटेला लागला, हात मोकळे, मागं न बघता. ती चाल संगीता ओळखत होती, ती स्वतः तशीच विहिरीवर जायची.

"आवो!" ती अनवाणीच धावली आणि मागून त्याचा सदरा धरला. "तिकडं न्हाई जायचं. पुस्तक संपलं न्हाई आजून. दोन पानं ऱ्हायलीत."

तिनं त्याला ओढत आणून उंबऱ्यावर बसवलं आणि फळीवरचं पुस्तक घेतलं. उजेड कमी होत चालला होता, डोळ्यांतल्या पाण्यानं अक्षरं धड दिसत नव्हती. एका हाताचं बोट ओळीवर ठेवून ती अडखळत मोठ्यानं वाचू लागली. दुसऱ्या हातानं तिनं त्याचा सदरा घट्ट धरून ठेवला होता.