तिसऱ्यांदा लावलेला कौल

देवीवर माझा विश्वास आहे, असं मी सगळ्यांना सांगत असे. पण पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमाराला, डोंबिवलीत राहत असताना, माझा खरा विश्वास माझ्या भीतीवरच होता. यजमानांचं हृदय मोठं होऊन ढिलं पडलं होतं. रक्त पुढे ढकलायची ताकदच त्यात उरली नव्हती, आणि वय अवघं बेचाळीस. नौपाड्यातल्या डॉक्टरांनी इतर औषधांच्या जोडीला ठोके कमी करणारी एक गोळी सुरू केली, तीही पाव. "पूर्वी या आजारात ही गोळी आम्ही टाळायचो. आता कळतंय, दमलेल्या हृदयाची धावपळ कमी केली की ते हळूहळू सावरतं. सुरुवातीला थकवा वाढेल. काही वाटलं तर इथे या, पण आपल्या मनाने बंद करू नका," असं त्यांनी बजावलं होतं.

थकवा खरंच वाढला. आंघोळ झाली की हे अर्धा तास पडून राहायचे. आधीच अधू झालेलं हृदय आणखी मंद करायचं, हे कुठलं शहाणपण? आम्ही कोकणातले. अडल्या वेळी देवीला कौल लावायची आमची रीत. देव्हाऱ्यातल्या देवीच्या चांदीच्या टाकाला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या चिकटवून मी विचारलं, "गोळी बंद करू?" डावी पडली, म्हणजे नाही. पंख्याच्या वाऱ्याने पडली असेल, म्हणून पंखा बंद करून पुन्हा लावला. पुन्हा डावी. तिसऱ्यांदा उजवी पडली आणि माझा जीव भांड्यात पडला. गोळ्या मीच काढून देत असे. त्यातली ती पाव गोळी मी गुपचूप वगळली.

पाचव्या दिवशी यांची छाती धडधडू लागली. आडवं पडलं की श्वास कोंडायचा. शेजारणीला यांच्यापाशी बसवलं आणि डॉक्टरांकडे जायचं सोडून मी वेडी खाडीकाठच्या देवीच्या पायाशी जाऊन रडत बसले. शेजारी एक म्हातारी कोळीण बसली होती. "काय झायलं गो बाय?" तिने विचारलं. कुणालाच न सांगितलेलं सगळं मी तिला सांगून टाकलं.

ती चक्क हसली. "अगो, देवीनं दोनदा नाय म्हनून सांगितलं ना? तवा तुजं कान कुठं व्हतं? ऊठ, नवऱ्याला घेऊन डाक्तरकडं जा." माझा दंड धरून तिने मला उठवलं आणि रिक्षात बसवलं.

त्याच दुपारी यांना दवाखान्यात ठेवलं. अंगात साठलेलं पाणी उतरल्यावर डॉक्टरांनी तीच गोळी पुन्हा पावापासून सुरू केली आणि दर काही आठवड्यांनी जपून वाढवली. मला मात्र भरपूर बोलणी बसली, आणि ती रास्तच होती. नंतर साडी घेऊन मी त्या म्हातारीला दोनदा शोधलं. सापडली नाही. ती कोण होती, याचा खल मी करत नाही. देवावर भार टाकायचा म्हणजे त्याच्याकडून आपल्याला हवं तेच वदवून घ्यायचं नाही, एवढं ती मला शिकवून गेली.

आठ महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. हृदय थोडं आकसलं होतं, आकुंचन सुधारलं होतं. घरी येताना हे माझ्याशी कांद्याच्या भावावरून वाद घालत, कुठेही न थांबता, दोन जिने चढले. दारात पोचून किल्ली मागायला वळले, तर मी चार पायऱ्या खाली बसून रडत होते.