‘आमचंच खरं’ आणि गोविंद सर

गोविंद सर लढाई शिकवायला लागले की आधी पायातल्या वहाणा काढायचे. “मानसं मेलीत बे तिथं,” असं पोरांना दटावून मगच फळ्यावर नकाशा काढायचे. पानिपत असो की वॉटर्लू, सर अनवाणी. पाटोद्याजवळच्या त्या शाळेत मी शेजारच्या वर्गात गणित शिकवायचो. भिंत पातळ, त्यामुळे दोन महायुद्धं आणि फ्रान्सची क्रांती मला फुकटात पाठ झाली.

सनावळ्यांचं त्यांना वावडं होतं. “ह्या लोकायला काय खरं वाटत व्हतं, ते सांगा,” असं विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच सुरू व्हायचे. “भाकरीसाठी मानूस भांडतो. पर मुडदे पाडतो ते ‘आमचंच खरं’ ह्यासाठी. राजे येतेत, जातेत; हे खूळ जात न्हाई.” एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी सन विचारले, तर अख्खा वर्ग मूग गिळून गप्प. सर हसून म्हणाले, “सायेब, कवा मेले ते सोडा, कावून मेले ते इचारा.” साहेबांनी वाईट शेरा मारला. सरांनी आम्हाला पेढे वाटले!

हे त्यांना पुस्तकांनी शिकवलं नव्हतं. निजामाचं राज्य गेलं त्या धामधुमीत त्यांच्या वडिलांनी शेजारच्या मुसलमान तांबोळ्याचं कुटुंब कडब्याच्या गंजीमागे लपवलं होतं. “त्याच्या आधी त्यानंच रझाकारांपासून आमची म्हस अन् माझी माय, दोनी वाचवल्या व्हत्या,” सर सांगायचे. म्हशीचं नाव आधी घेतल्याबद्दल सरांच्या पत्नी, आमच्या काकू, त्यांच्यावर दरवेळी डोळे वटारायच्या.

निवृत्तीनंतर मात्र तेच खूळ त्यांच्या दारात आलं. गावात वरच्या गल्लीतल्या जातीचा मोर्चा निघाला, त्याला उत्तर म्हणून खालच्या गल्लीचा निघाला, आणि एके दिवशी ठरलं की वरच्या गल्लीनं खालच्या गल्लीच्या दुकानात पाऊल ठेवायचं नाही. सरांचा लंगोटीयार किसन खालच्या गल्लीतला. त्याच्या चहाच्या हॉटेलातली बाकडी ओस पडली. सर वरच्या गल्लीचे, पण रोज सकाळी तिथे जाऊन एकटेच बसायचे. मुलगा सुधाकर, नव्यानं झालेला पुढारी, वैतागला, “अप्पा, लोकं नावं ठिवतेत.”

“ठिवू दे. जगाची भांडनं शिकवून तुला मोठा केला. आता तू मला शिकवतू व्हय?”

मला मात्र ते एकदा हळूच म्हणाले, “दोनी मोर्चात माझीच पोरं व्हती रे. मग मी शिकवलं तरी काय?” त्यांचे डोळे भरून आले होते.

या उन्हाळ्यात सर गेले. आमच्याकडे मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भाकरी आणतात आणि घरच्यांना बळंच कडू घास भरवतात. अंत्यविधी उरकून आम्ही परतलो, तर किसन भाकरीचं गाठोडं घेऊन ओट्यावर आला. सुधाकर दारातूनच म्हणाला, “काका, आमच्या गल्लीतलं जेवन आलंय.”

मग भिंतीला धरत काकू बाहेर आल्या, “द्या भाऊजी,” म्हणून खाली बसल्या. किसननं घास भरवला, त्यांनी तो रडत रडत गिळला. मी शेजारी बसून एक चतकोर घेतली. आणखी कुणाचा हात पुढे आला नाही.

किसननं उरलेल्या भाकरी फडक्यात बांधल्या आणि तो पायऱ्या उतरून गेला. ओटा माणसांनी गच्च भरला होता. जवळजवळ सगळे सरांचे विद्यार्थी.