नजर कच्ची नव्हती

माझा मुलगा फौजेत का गेला नाही, असं कुणी विचारलं की मी इतकी वर्षं एकच उत्तर दिलं: नजर कच्ची निघाली. ते खोटं होतं.

लातूरचा भूकंप झाला तेव्हा तो बारा वर्षांचा होता. रेणापूरच्या आमच्या घराला नुसत्या भेगा गेल्या, पण पोरगं आतून हललं. जेवतानाही पायात चपला. रस्त्यावरून ट्रक गेला की ताट सोडून अंगणात. पुढच्या जूनमध्ये मी त्याला सैनिकी शाळेच्या वसतिगृहात टाकलं. खरं सांगायचं तर त्याची ती धावपळ मला बघवत नव्हती.

पहिल्या भेटीच्या रविवारी बायकोनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. गळ्यात पडून रडेल, घरी न्या म्हणेल, या तयारीनं आम्ही गेलो. तो कडक इस्त्रीत समोर येऊन ताठ उभा राहिला.

"आई, डबा ठेव. सव्वा वाजता येतो. आता फॉलइन हाय, रांगेत हजर व्हायचंय."

मी बघतच राहिलो. रात्री झोप लागते का, विचारलं.

"लागते की. इथं पुढं काय होणार ते माहीत असतंय, बाबा."

दहावीला त्याला चांगले मार्क पडले. तोवर लातुरात गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. मी गणिताचा मास्तर. स्टाफरूममध्ये टोमणे सुरू झाले. "सर, अख्खा महाराष्ट्र पोरं लातुरात आणून सोडतोय, आन् तुम्ही पोराला कवायत शिकवताय?"

सैनिकी शाळेचे प्राचार्य मला म्हणाले होते, "याला इथंच ठेवा. हा अधिकारी होणार." मी दाखला काढला आणि पोराला सांगितलं, "प्राचार्य म्हणाले, तुझी नजर कच्ची आहे. फौज घेणार नाही."

"बरं, बाबा." एवढंच.

अकरावीचा फॉर्म मीच भरला. गणित काढून टाकलं, जीवशास्त्र लिहिलं. फौजेत अधिकारी व्हायच्या ज्या परीक्षेला गणित लागतं, तिचा रस्ता एका मास्तरानं स्वतःच्या हातानं बंद केला.

लातुरात भाड्याची खोली, चार विषयांना चार सर, तासांच्या वेळा रोज वेगळ्या. दोन महिन्यांत घरमालकीण म्हणाली, "सर, तुमचं पोरगं चपला घालून झोपतंय की हो." तरी मी त्याला सैनिकी शाळेत परत नेलं नाही. मेडिकलला नंबर दोनदा हुकला. आज त्याचं औषधाचं दुकान आहे.

गेल्या महिन्यात माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आम्ही नांदेडला गेलो. डॉक्टरांनी सहज त्याचेही डोळे तपासले. "दूरची नजर एकदम पक्की. कधीच चष्मा नाही?"

बाहेर बाकावर मी काही बोलणार, तोच तो म्हणाला, "मला माहीत हाय, बाबा. अकरावीतच तपासून घेतली होती."

"मग बोलला का नाहीस?"

"भूकंपानंतर तुम्ही रात्र रात्र दाराशी बसायचे. म्हटलं, ह्यांना पोरगं फौजेत नको, जवळ पाहिजे."

इतकी वर्षं तो हे धरून बसला होता. मला मात्र स्टाफरूममध्ये मान पाहिजे होता. त्या बाकावरच हे सांगायला हवं होतं. मी विचारलं काय, तर डोळ्यात थेंब कधी घालायचे.

त्यानं खिशातून कागद काढला. पट्टीनं आखून वेळा लिहिल्या होत्या.

आज दुपारी दोनला तो थेंब घालायला येईल. मिनिटही चुकणार नाही. थेंब घालून झाले, की हे लिहिलेलं पान मी त्याच्या हातात देणार आहे.