आठ सऱ्या पुढं रोवलेली काठी

काम अर्ध्यावर सोडण्यात माझा हात धरणारा माणूस आमच्या भावकीत नाही. तरी गेल्या वर्षी मला काम मिळालं ते अर्धवट कामं पुढं नेणाऱ्या सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका लिहिण्याचं. चोराच्या हाती किल्ल्या म्हणतात ते हेच.

एआय एजंट म्हणजे सांगितलेलं काम पायरीपायरीनं आपलं आपण करत जाणारा प्रोग्रॅम. मध्येच बंद पडला, की कुठवर आलो होतो हे त्याला आठवत नाही. म्हणून आमचं सॉफ्टवेअर एक नोंदवही ठेवतं. पुन्हा सुरू झालेला एजंट ती वाचून पुढच्या कामाला लागतो. ही वही कशी भरायची, एवढंच मला समजावून द्यायचं होतं.

पुण्याहून कंपनीच्या मॅडमनी फोनवर स्पष्ट सांगितलं, "शुक्रवारी मी फक्त तुमची पुस्तिका वाचून चालवून बघणार. जमलं तर बसा साताऱ्यात, नाहीतर इकडं यावं लागेल." मला सातारा सोडायचा नव्हता. घराच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो. पुण्यात भाड्याच्या खोलीतून समोरच्यांचं वाळत घातलेलं धुणं दिसायचं.

बुधवारी मीच चाचणी घेतली. चाळीस पानांची शीर्षकं सुधारायला एजंटला लावलं, मध्येच मुद्दाम बंद पाडलं, पुन्हा सुरू केलं. त्यानं ऐटीत कळवलं, 'काम पूर्ण.' बघतो तर मधली सहा पानं जशीच्या तशी! पुस्तिका उघडली. माझंच वाक्य होतं : 'जी पानं करणार आहात, ती आधी नोंदवा आणि मग कामाला लागा.' एजंटनं सहा पानं नोंदवली, तेवढ्यात मी त्याला बंद पाडलं. उठल्यावर त्यानं वही वाचली आणि त्या सहांच्या पुढच्या पानापासून निघाला.

ही चूक माझ्या ओळखीची निघाली. कॉलेजात असताना सांगलीजवळ काकांच्या उसात मी ती करून चुकलो होतो.

काका फौजेतून निवृत्त होऊन शेती बघायचे. विहीर भावकीत सामायिक, पाण्याची पाळी आठवड्यानं यायची. दारं धरायला, म्हणजे खोऱ्यानं माती ओढून एका सरीचं पाणी दुसरीत वळवायला, सुट्टीत मी असायचो. रीत अशी की काम सोडणाऱ्यानं भिजलेल्या शेवटच्या सरीत काठी रोवायची. पुढच्यानं त्या सरीत पाय घालून बघायचं आणि मग सुरुवात करायची.

त्या दिवशी गावात क्रिकेटची फायनल होती. मी हुशारी केली. पुढच्या आठ सऱ्यांची दारं एकदम फोडली. पाणी काय, आपल्या पायानं जाईल! आठव्या सरीत काठी रोवली आणि सायकलवर टांग टाकली. मी वेशीपर्यंत पोचलो नसेन, तोवर लाईट गेली आणि विहिरीवरची मोटार बंद पडली. लाईट आल्यावर काका मळ्यात आले, काठी बघितली आणि नवव्या सरीपासून दारं धरली.

पुढच्या पाळीपर्यंत त्या आठ सऱ्यांतला ऊस पिवळा पडला. काकांनी मला बांधावर उभं केलं.

"काठी कवा रोवलीस रं?"

"पानी सोडल्यावर."

"सोडल्यावर का भिजल्यावर?"

मी उलट त्यांच्यावरच घसरलो.

"आवं काका, पन तुमी पाय घालून बघितला न्हाई व्हय?" हे मी विचारलं. मला आजही त्या वाक्याची लाज वाटते.

काकांनी उसाचं एक पिवळं पान ओढून काढलं. "बॉर्डरवर ड्यूटी बदलताना जवानाला धा वेळा इचारलं मी. हितं म्हटलं, पुतण्याची काठी हाय, काय बघायचं?"

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी विसरलो असतो.

म्हणून त्या बुधवारी मी पुस्तिकेतलं ते वाक्य खोडलं आणि दोन नवी लिहिली. 'झालं तेवढंच नोंदवा. पुन्हा सुरू करताना शेवटचं नोंदलेलं काम झालंय का, ते स्वतः तपासा.' शुक्रवारी मॅडमनी एजंटला चार वेळा बंद पाडलं. एकही पान सुटलं नाही. "राहा साताऱ्यात," त्या म्हणाल्या, "ही तपासायची अट चांगली सुचली तुम्हाला." सुचली म्हणे! मी नम्रपणे गप्प बसलो. तेवढं मला जमतं.

मग काकांना फोन लावला. आता त्यांच्या उसाला ठिबक आहे, दारं धरायला कोणी लागत नाही. ती काठी परसात दोडक्याच्या वेलाला लावलीय. सगळं ऐकून ते म्हणाले, "म्हंजे त्यो गडी आदी सरीत पाय घालतो?"

"व्हय काका."

"आन् भिजल्याबिगर काठी रोवत न्हाई?"

"न्हाई."

"मग त्याला दे धाडून सुट्टीला. तू ऱ्हा तिथंच." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "न्हाईतर असं कर, तूबी ये. दोडकी लय लागल्यात."